चार्जिंगला लावला की फोन तापतोय

वहिनी ३०२: सकाळी सकाळी त्रास देते. ह्यांचा नवीन फोन चार्जिंगला लावला की इतका तापतोय की कानाला लावता येईना. चार्जर कंपनीचाच आहे. पीस खराब निघाला म्हणायचा का?

पिंट्या ४०१: फ्रीजमध्ये ठेवा वहिनी, दोन मिनिटांत नाद खुळा गार 😎

काका १०४ (मोबाईल रिपेअर): गप रे. फ्रीजमधनं काढला की हवेतली वाफ आत पाणी होऊन बसते. असले फोन मग माझ्याच टेबलावर येतात.
वहिनी, थोडं गरम होणं हा दोष नव्हे. चार्जर ९ व्होल्ट, २ अँपियर देत असला तर झाले १८ वॉट. बॅटरीला लागतात ४ च्या आसपास व्होल्ट. ते उतरवणारी चिप फोनमध्येच असते, तिथं थोडी वीज उष्णता होऊन जाते, थोडी बॅटरीच्या आतल्या रेझिस्टन्समध्ये. दहावा हिस्सा गेला तरी जवळजवळ २ वॉट. फोनला ना पंखा ना जाळी, मग पाठ तापणारच.

पिंट्या ४०१: मग माझा ६७ वॉटवाला पेटायलाच पायजे की! उलट चार्जरच जास्त तापालाय.

काका १०४: बरोबर बघितलंस. काही कंपन्या व्होल्टेज उतरवायचं काम चार्जरवरच ढकलतात. काही फोनमध्ये दोन सेल असतात, तेवढीच पॉवर निम्म्या करंटवर जाते. करंट दुप्पट केला तर उष्णता चौपट, म्हणून ही धडपड. आणि ६७ काय शेवटपर्यंत चालत नाहीत. बॅटरी भरत आली की करंट उतरतो, म्हणून तर शेवटचे २० टक्के रेंगाळतात.

सेक्रेटरी: उद्या १० ते १२ टाकी धुणार आहेत. पाणी भरून ठेवावे.

आक्का २०१: मी तर चार्जिंगला लावून उशीखाली ठेवतो बाई, गजर ऐकू यायला.

काका १०४: आक्का, तेवढं आजपासून बंद. उशी उष्णता कोंडून धरते आणि लिथियम बॅटरीला उष्णता अजिबात मानवत नाही. आयफोनवाले तर भोवतालची हवा ३५ अंशांपर्यंतच असावी म्हणतात. आपल्याकडं एप्रिलच्या दुपारी त्याच्या वर जातंय.
वहिनी, कव्हर काढून लावता का? चार्जिंग चालू असताना फोन वापरतात का हे?

वहिनी ३०२: मीटिंग असते ना, लॅपटॉपला हॉटस्पॉट देतात.

काका १०४: मग झालं की. चार्जिंग, नेटवर्क, प्रोसेसर, सगळं एकदम. मीटिंगच्या आधी चार्ज करून घ्यायला सांगा.

पिंट्या ४०१: गगनबावड्याला जाताना गाडीवर मॅप आणि चार्जिंग दोन्ही चालू होतं. मधेच फोननं चार्जिंगच थांबवलं.

काका १०४: आत सेन्सर असतो. शहाणा आहे, तुझ्यापेक्षा.

सर ५०२: आमचा जुना फोन तापत नाही, पण मागचं झाकण उचलल्यासारखं दिसतंय.

काका १०४: सर, आत्ता बंद करा तो. चार्जिंगला लावायचा नाही, दाबायचा तर अजिबात नाही. आत गॅस धरून बॅटरी फुगली असणार. वहिनींच्या फोनपेक्षा मला ह्याची काळजी जास्त.

सर ५०२: पोरानं काल रबरबँड लावून घट्ट बसवलाय.

काका १०४: रबर काढा आणि खाली घेऊन या. मी आहे घरात.