मदत हवी आहे: रीबूटनंतर सेटिंगची फाईल रिकामी

नमस्कार मंडळी,

शेतीपंपाच्या कंट्रोलरवर काम करतोय. बोर्डावर लिनक्स, ईएमएमसीवर (बोर्डावरची फ्लॅश मेमरी) एक्स्ट४ फाईलसिस्टिम. पॅनलवरून वेळापत्रक बदललं की आमचा सी प्रोग्रॅम फाईल लिहितो आणि थेट रीबूटचा सिस्टिम कॉल (कर्नलला, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याला, केलेली थेट विनंती) मारतो. एरवी ठीक चालतं, पण अधूनमधून जुनंच वेळापत्रक परत येतं, आणि एखाद्या वेळी फाईल चक्क ० बाइटची! पंप सुरूच होत नाही, मग शेतकऱ्याचा फोन.

क्रम असा: 'डब्ल्यू' मोडमध्ये एफओपन (लिहिण्यासाठी उघडणं), एफप्रिंटएफ (लिहिणं), एफक्लोज (बंद करणं), २ सेकंद स्लीप (नुसतं थांबणं), रीबूट. तो स्लीप आधीपासूनच कोडमध्ये आहे, हात लावायला कुणी धजत नाही. त्याच्या जागी सिंक (रॅममध्ये साठलेला सगळा डेटा डिस्कवर उतरवणारा कॉल) टाकलं तर भागेल का? आणि लाइट गेली किंवा वॉचडॉगने (प्रोग्रॅम अडकला की बोर्ड रीसेट करणारा टायमर) रीसेट मारला तर?

उत्तर १
एफक्लोजने डेटा फक्त कर्नलच्या पेज कॅशमध्ये (रॅममधला तात्पुरता साठा) जातो. डीफॉल्ट सेटिंगला तो साधारण ३० सेकंदांपर्यंत तिथेच पडून राहू शकतो, त्यामुळे २ सेकंदांच्या स्लीपला काही अर्थ नाही. रीबूट सिस्टिम कॉल स्वतःहून सिंक करत नाही. आधी सिंक टाकलंत तर तुमचा नेहमीचा रीबूट सुधारेल, पण लाइट गेल्यावर ते कोण चालवणार? 'डब्ल्यू' मोडने जुना मजकूर उघडल्याउघडल्याच पुसला जातो, खरी गोम तिथे आहे.

म्हणून तात्पुरत्या नावाने नवी फाईल लिहा, एफफ्लश करा (प्रोग्रॅमच्या बफरमधला डेटा कर्नलकडे जातो), मग तिच्यावर एफसिंक (तेवढी एक फाईल डिस्कवर उतरवणारा कॉल). ते यशस्वी झालं तरच रीनेमने जुन्या नावावर आणा, आणि शेवटी त्या डिरेक्टरीवरही एफसिंक मारा. मध्येच वीज गेली तरी जुनी किंवा नवी, एक फाईल अख्खी मिळते. एफसिंकचं रिटर्न मूल्य तपासाच. लिहिताना चूक झाली तर ते कळवतं, सिंक काहीच कळवत नाही.

धागाकर्ता
धन्यवाद! तात्पुरती फाईल /टीएमपी मध्ये ठेवली तर रीनेमच फेल होतंय.

उत्तर १
/टीएमपी बहुधा रॅममध्ये असेल. रीनेम एकाच फाईलसिस्टिमच्या आत चालतं, तात्पुरती फाईल मूळ फाईलशेजारीच ठेवा.

उत्तर २
एक पुरवणी. हाच प्रकार लॉगच्या प्रत्येक ओळीला करू नका, ईएमएमसी लवकर झिजेल. वेळापत्रक दिवसातून फार तर दोनदा बदलत असेल, तिथे खुशाल करा. आणि शक्य असेल तर सिस्टिम कॉलऐवजी इनिटमार्फत (बाकीचे प्रोग्रॅम सुरू-बंद करणारा लिनक्सचा पहिला प्रोग्रॅम) रीबूट करा, म्हणजे बाकीचे प्रोग्रॅम नीट बंद होऊन पार्टिशन अनमाउंट होतं (डेटा उतरवून व्यवस्थित बंद होतं).

धागाकर्ता
बदल केले. आता लिहिता लिहिताच सप्लाय ओढून बघतो, निकाल इथेच टाकेन.