दवंडीवाला आज कशासाठी हवा?

चौकस : लाल अंगरखा, तिकोनी टोपी आणि हातघंटा अशा थाटातला दवंडीवाला ब्रिटनमधील कित्येक नगर परिषदा आजही नेमतात. माझ्या मते हे पद आता निव्वळ देखाव्याचे उरले आहे, आणि देखाव्याला अधिकाराचा मुलामा चढला की लोक फसतात. २०१३ मध्ये राजपुत्र जॉर्जचा जन्म झाला, तेव्हा लंडनच्या सेंट मेरी रुग्णालयाबाहेर टोनी ॲपल्टन यांनी घंटा वाजवून, गुंडाळी उलगडून ती वार्ता पुकारली. अनेक माध्यमांनी त्यांना राजघराण्याचा अधिकृत उद्घोषक समजून दाखवले. प्रत्यक्षात ते आपणहून तिथे गेले होते.

जुना वाचक : हा दोष दवंडीवाल्याचा नव्हे, शहानिशा न करणाऱ्या माध्यमांचा आहे. ज्या काळी बहुसंख्य लोकांना वाचता येत नव्हते, त्या काळी कायदा, कर, बाजाराचा दिवस, हरवलेले जनावर हे सारे याच आवाजातून कळत असे, आणि तो माणूस कोणाच्या वतीने बोलतो हे ऐकणाऱ्याला ठाऊक असे. शिवाय तो समोर उभा असे. बातमी नकोशी असली तर शिव्याही त्यालाच खाव्या लागत. आज फिरणाऱ्या निनावी निरोपांना असा चेहरा आहे का?

चौकस : आपण त्याला फारच सोवळा ठरवता आहात. पैसे मोजले की व्यापाऱ्यांच्या मालाची जाहिरातही तो त्याच घंटेवर करीत असे. ब्रिटनमध्ये वृत्तपत्रांवरील मुद्रांक कर १८५५ मध्ये उठला, वृत्तपत्रे स्वस्त झाली आणि साक्षरताही वाढत गेली. मग चौकातल्या आवाजाची गरज ओसरली, हे स्वाभाविकच होते.

मजकूरप्रेमी : दोघेही केवळ आवाजावर बोलत आहात. २०२१ मध्ये महासाथीमुळे ब्रिटनमधील दवंडीवाल्यांची स्पर्धा चक्क मुक्याने झाली. स्पर्धकांनी दवंडी लिहून पाठवली आणि तिच्या मजकुरावरच निकाल लागला. (घसा बसलेल्यांची त्या वर्षी चांगलीच सोय झाली असणार!) एका दमात कळेल असे नेमके लिहिणे हे या कलेचे अर्धे अंग आहे, आणि सरकारी सूचना वाचताना त्याची उणीव मला पदोपदी जाणवते.

जुना वाचक : हे मान्य. सप्टेंबर २०२२ मध्ये राजे चार्ल्स यांच्या राज्यारोहणाची घोषणा गावोगावी जाहीरपणे वाचली गेली. बातमी आधीच सर्वांना ठाऊक होती, तरी लोक ऐकायला जमलेच.

चौकस : जमले ते सोहळ्यासाठी. पाणीपट्टीची वाढ पुकारायला त्याला उभे करा, मग गर्दी मोजू.