मदत हवी आहे: लेबलवरचं सीआय ७५४७० म्हणजे काय? लवकर सांगा

घाईत_आहे: काल तुळशीबागेतून घेतली. घटकांची यादी इतकी बारीक की मोबाईलवर फोटो काढून, मोठा करून वाचली. शेवटी ‘सीआय ७५४७०’ आहे. चालेल का? रविवारी लागणार आहे.

कढीपत्ता: काय घेतलीत? आणि चालेल का म्हणजे? चुरचुरतंय का?

घाईत_आहे: लिपस्टिक हो. गुलाबी.

बाणेरची: आधी कोपराच्या आत लावून दोन दिवस बघा. मला सुगंधाचा त्रास होतो. लेबलवर नुसतं ‘पर्फ्युम’ लिहितात, त्या एका शब्दात कितीतरी द्रव्यं असतात. ‘अनसेंटेड’वरही विसंबू नका, मूळ वास झाकायला सुगंध घातलेला असू शकतो.

घाईत_आहे: मला काहीही झालेलं नाही!! सासूबाईंची एकसष्ठी आहे, त्यांच्यासाठी घेतली. माळकरी आहेत, अंड्याचा केकसुद्धा खात नाहीत.

शनिवारपेठ: अहो, मग हे आधी सांगायचं ना! सीआय म्हणजे ‘कलर इंडेक्स’, रंगाचा क्रमांक. ७५४७० म्हणजे कार्माईन. निवडुंगावरचे कोचिनील किडे वाळवून काढलेला लाल रंग. कुठे ‘नॅचरल रेड ४’ असंही छापतात. त्यांना लावू नका.

कढीपत्ता: यादीत शेवटी आहे म्हणजे अगदी कणभर असणार.

शनिवारपेठ: तसं नसतं. उतरता क्रम एक टक्क्याच्या वरच्या घटकांना. रंग कितीही असले तरी शेवटी लिहिता येतात. आणि माळ घातलेल्या माणसाला कणभर तरी का द्यायचं?

काजळवाली: त्यापेक्षा घरी काजळ करा. एरंडेलाचा दिवा, वर तांब्याचं ताट, काजळी धरली की तुपात खलायची.

कढीपत्ता: ताई, लिपस्टिकचं चाललंय.

रात्रपाळी: ७५४७० च्या आधी ‘+/-’ असं चिन्ह आहे का?

घाईत_आहे: आहे! मला छपाईची चूक वाटली.

रात्रपाळी: चूक नाही. पुढचे रंग सगळ्या शेड्सचे मिळून लिहिलेत. तुमच्या गुलाबीत ७५४७० असेल किंवा नसेलही. कंपनीला शेडचं नाव सांगून विचारा.

शनिवारपेठ: रविवारच्या आत उत्तर येणार आहे का? दुसरीच घ्या. खोक्यावर हिरवा ठिपका बघा, यादीत ७५४७० कुठेच नको. लालसाठी १५८५० असेल तर तो कारखान्यात तयार होणारा रंग, किड्यांचा नाही. आणि ‘सेरा अल्बा’ म्हणजे मधमाशांचं मेण, ते चालतं का विचारून घ्या.

घाईत_आहे: मध खातात, मेणाचंही विचारते. आज परत जाते, पैसे द्यायच्या आधी तिथेच फोटो मोठा करून वाचते.