अटोरव्हास्टॅटिनमुळे रक्तातली चरबी विरघळते का?

प्रश्न (जुळे सोलापूर):
माझे वडील सूतगिरणीतून निवृत्त झाले असून डॉक्टरांनी त्यांना अटोरव्हास्टॅटिनची १० मिलिग्रॅमची गोळी सुरू केली आहे. परवाच्या तपासणीत एलडीएल (रक्तातले 'वाईट' कोलेस्टेरॉल) आटोक्यात आलेले पाहून, "चरबी विरघळली, आता गोळी कशाला?" असे ते म्हणू लागले आहेत. शेंगाचटणी सोडली म्हणूनच फरक पडला, असेही त्यांना वाटते. ही गोळी शरीरात नेमके काय करते?

उत्तर (नवी पेठ, औषधविक्रेता):
ही गोळी काहीही विरघळवत नाही. शरीरातील बहुतांश कोलेस्टेरॉल शरीर स्वतःच तयार करते, त्यात यकृताचा वाटा मोठा असतो, आणि या निर्मितीत कळीचे असलेले एचएमजी-कोए रिडक्टेज हे विकर (एन्झाइम) स्टॅटिन गटातल्या या गोळीमुळे अडवले जाते. निर्मिती मंदावली की यकृताच्या पेशींना कोलेस्टेरॉल कमी पडते. मग त्या आपल्या पृष्ठभागावर एलडीएल पकडणारे रिसेप्टर वाढवतात आणि रक्तात फिरणारे एलडीएल आत ओढून घेतात. रक्तातले प्रमाण उतरते ते मुख्यतः या ओढीमुळे. हे रिसेप्टर शोधणाऱ्या ब्राउन आणि गोल्डस्टाइन यांना १९८५ साली नोबेल मिळाले, तर पहिले स्टॅटिन जपानच्या अकिरा एंडो यांनी त्याआधीच, १९७० च्या दशकात, एका बुरशीतून वेगळे केले होते.

गोळी थांबवली की विकर मोकळे होते, रिसेप्टर घटतात आणि काही आठवड्यांत एलडीएल पुन्हा चढते. वडिलांचा रिपोर्ट चांगला आला आहे तो गोळी चालू असताना, एवढे त्यांना जरूर सांगा. शेंगदाण्यात कोलेस्टेरॉल नसतेच. डालडा आणि मटणाची चरबी मात्र खरोखर कमी करावी, कारण संपृक्त चरबीमुळे हेच रिसेप्टर मंदावतात.

प्रश्नकर्ता:
आभारी आहे. त्यांच्या पोटऱ्या अधूनमधून दुखतात. मात्रा निम्मी केली तर चालेल का?

उत्तर (होटगी रोड):
तो निर्णय डॉक्टरांचाच असावा. दुखण्याचे कारण दुसरेही असू शकते, म्हणून गरज वाटल्यास ते सीपीके (स्नायूंना इजा झाल्यास रक्तात वाढणारे विकर) तपासून पाहतात. मात्र तीव्र वेदना, अशक्तपणा किंवा गडद लघवी दिसल्यास त्याच दिवशी दाखवावे. स्टॅटिनची मात्रा दुप्पट केली तरी एलडीएल साधारण ६ टक्केच आणखी उतरते, त्यामुळे पुष्कळदा मात्रा वाढवण्याऐवजी लहान आतड्यातील कोलेस्टेरॉलचे शोषण रोखणारे इझेटिमाइब हे औषध जोडले जाते. शिवाय क्लॅरिथ्रोमायसिन हे अँटिबायोटिक स्टॅटिनचे रक्तातील प्रमाण वाढवते, म्हणून कोणत्याही नव्या डॉक्टरांना ही गोळी चालू असल्याचे आधीच सांगावे.