मदत हवी आहे: आय-२० चे पुढचे शॉकॲब्सॉर्बर घरी बदलायचेत, स्प्रिंगचं काय करू?

राधानगरीकर:
नमस्कार मंडळी. गाडी २०१२ ची आय-२०, पेट्रोल. पुढचे दोन्ही शॉकॲब्सॉर्बर संपलेत. डावीकडे तेल ओघळून त्यावर धुळीचा काळा थर जमलाय. बॉनेट दाबून सोडलं की गाडी दोन-तीनदा डुलते, आणि टायरवरून हात फिरवला तर कडेला चढउतार लागतात. गणपतीला कोल्हापूरहून मालवणला जायचंय, फोंडा घाट उतरून, गाडीत पाच माणसं आणि डिकीभर सामान. त्याआधी हे काम उरकायचंय.

मागचे मी स्वतःच बदलले. मागे टॉर्शन बीम (दोन्ही मागची चाकं जोडणारा आडवा दांडा) आहे, स्प्रिंग वेगळी आणि शॉकॲब्सॉर्बर वेगळा. बीमखाली जॅक धरला, वरचा नट आणि खालचा बोल्ट काढला, झालं. पुढे मात्र मॅकफर्सन स्ट्रट, म्हणजे शॉकॲब्सॉर्बर आणि स्प्रिंग एकत्र असलेला खांब. स्प्रिंग त्याच्यावरच दाबून बसवलेली असते, आणि वरचा मधला नट सुटला की ती मोकळी होते. मला काळजी आहे ती याच जागेची.

गॅसचे आफ्टरमार्केट (गाडीच्या कंपनीचे नसलेले) स्ट्रट आलेत. उंची कंपनीचीच ठेवतोय, गाडी खाली बसवायची हौस नाही. स्प्रिंग जुन्याच वापरणार. माउंट (स्ट्रट वर बॉडीला धरणारा भाग), बेअरिंग, बंप स्टॉप (शेवटी आदळू नये म्हणून असलेला ठोकळा) आणि रबरी कव्हर नवं घेतलंय. घरी ट्रॉली जॅक, दोन स्टँड, गोटी सेट आणि टॉर्क पाना आहे. स्प्रिंग कॉम्प्रेसर, म्हणजे स्प्रिंग दाबून धरायचं हत्यार, नाही. ऑनलाइन आकड्यांचे दोन स्क्रू असलेला स्वस्तातला मिळतो, त्याच्यावर भरवसा ठेवावा का? दुसरं म्हणजे, मधला नट फिरवताना आतला दांडा सोबत फिरतो म्हणतात. ओळखीचा एक मेकॅनिक सांगतो, दांडा पकडीने घट्ट धर आणि नट काढ. मनाला पटत नाही.

गॅरेजला का देत नाही, हे कुणीतरी विचारणारच. मागच्या गाडीला नवे शॉकॲब्सॉर्बर टाकून घेतले तेव्हा जुनंच माउंट आणि खरखरणारं बेअरिंग परत बसवून दिलं होतं. या वेळी प्रत्येक बोल्ट माझ्या डोळ्यांसमोर बसायला हवा.

गोटीपाना:
भावा, पकडीचं अजिबात ऐकू नकोस. दांड्याच्या गुळगुळीत भागावर पकडीचा एक ओरखडा उठला तरी दर हेलकाव्याला तो ऑइल सीलमधून घासत जातो आणि स्ट्रट गळायला लागतो. जुना टाकायचाच आहे म्हणून चालून जाईल, पण तीच सवय नव्याला लागते. दांड्याच्या वरच्या टोकाला ॲलन की बसायची खाच असते. ती की आत धरायची आणि नट बाहेरून ऑफसेट रिंग पान्याने फिरवायचा.

कॉम्प्रेसरबद्दल सांगतो. आकड्यांचा वापरायचाच असेल तर दोन्ही बरोबर समोरासमोर लाव, जितकी वेटोळी आकड्यात घेता येतील तितकी घे, स्क्रूला ग्रीस लाव आणि दोन्ही बाजू आळीपाळीने थोड्या-थोड्या आवळ. इम्पॅक्ट गन त्यावर चालवायची नाही. स्प्रिंग वरच्या सीटवर सैल हलायला लागली की मगच मधला नट. आणि स्ट्रटच्या टोकासमोर तोंड, छाती आणायची नाही. दाबलेल्या स्प्रिंगमध्ये शेकडो किलोचा जोर असतो, आकडा घसरला तर हात मागे घ्यायलाही वेळ मिळत नाही.

जुनं_गॅरेज:
वरचं सगळं बरोबर आहे, पण राधानगरीकर, पहिल्याच वेळी मी तुम्हाला स्वस्तातला कॉम्प्रेसर घ्या असं सांगणार नाही. तीस वर्षं हेच काम केलंय. स्ट्रट घरी काढा आणि अख्खाच्या अख्खा वर्कशॉपला घेऊन जा. तिथं भिंतीवर किंवा टेबलावर पक्का बसवलेला कॉम्प्रेसर असतो. जुनी स्प्रिंग नव्या स्ट्रटवर चढवून घ्या, समोर उभे राहा, नवं माउंट-बेअरिंग स्वतःच्या हाताने द्या. परत घरी आणून बसवा. धोक्याचं काम तेवढंच, बाकी पान्यांचं.

काढताना एक बघा. नकलचे (चाक ज्यावर बसतं त्या भागाचे) दोन बोल्ट निघाले की नकल बाहेर झुकतं. ते ब्रेकच्या पाइपवर लोंबकळता कामा नये, आणि जास्त बाहेर ओढलं गेलं तर ड्राइव्ह शाफ्टचा (इंजिनची ताकद चाकाला देणाऱ्या दांड्याचा) आतला जॉइंट निसटतो. आधीच तारेने बांधून ठेवा. एबीएसची (ब्रेकच्या सेन्सरची) वायर आणि ब्रेक पाइपची क्लिप पहिल्यांदा सोडवा. स्टॅबिलायझरची (वळणावर गाडी कलू न देणाऱ्या दांड्याची) लिंक गंजलेली असते, आदल्या रात्री गंज सुटायचं तेल मारून ठेवा. गाडी स्टँडवर टेकल्याशिवाय खाली हात घालायचा नाही, नुसत्या जॅकवर तर मुळीच नाही.

नवा स्ट्रट उभा धरून तीन-चार वेळा पूर्ण दाबून वर येऊ द्या, आडवा पडून आत गेलेली हवा वर निघते. स्प्रिंगचं खालचं टोक सीटच्या खाचेत बसलंय ना, ते बघा. नाही बसलं तर स्टीअरिंग वळवताना टण्ण आवाज येतो आणि लोक उगाच स्टीअरिंगच्या रॅकवर संशय घेतात.

राधानगरीकर:
दादा, हे पटलं. शिरोलीला ओळखीचं वर्कशॉप आहे, तिथे विचारतो. काढण्याआधी नकलच्या बोल्टभोवती खुणा करून ठेवल्या तर अलाइनमेंट करावी लागणार नाही ना?

गोटीपाना:
खुणा जरूर कर, बसवताना कॅम्बर (चाकाचा आत-बाहेरचा कल) जवळपास जागेवर येतो. अलाइनमेंट तरीही करून घे. त्या भोकांत बोल्टला थोडी जागा असते, आणि नवा स्ट्रट जुन्यासारखा तंतोतंत नसतो. घाटात टायर एका कडेने खाल्ला जाण्यापेक्षा अलाइनमेंटचे पैसे स्वस्त.

जुनं_गॅरेज:
मागचे तुम्ही बदललेत, तिथलं एक तपासा. शॉकॲब्सॉर्बरचा खालचा बोल्ट रबरी बुशमधून जातो. चाक हवेत असताना तो आवळला असेल तर गाडी खाली आल्यावर रबर कायम पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. सैल करा, गाडी चाकांवर उभी करून परत आवळा. टॉर्कचा आकडा (बोल्ट किती जोराने आवळायचा तो) तुमच्या मॉडेलच्या सर्व्हिस मॅन्युअलमधूनच घ्या, दुसऱ्या गाडीचा नको. आणि पुढचं काम चाललंच आहे तर लोअर आर्मचे (नकलला खालून धरणाऱ्या दांड्याचे) बुश आणि बॉल जॉइंट सब्बल लावून हलवून बघा. चाल (सैलपणा) असेल तर आत्ताच बदला, नाहीतर नव्या शॉकॲब्सॉर्बरवरही खडखड ऐकू येत राहील.

राधानगरीकर:
मागचे बोल्ट उद्याच बघतो. बॉल जॉइंटला चाल निघाली तर एकटा जॉइंट मिळतो का, की अख्खा आर्मच घ्यावा लागेल? स्ट्रट शनिवारी काढणार आहे, त्याआधी पार्ट आणून ठेवेन.