मदत हवी आहे: पॅड शिल्लक दिसतात, तरी ब्रेक पॅडचा दिवा जात नाही

नमस्कार मंडळी,

गाडी युरोपियन कंपनीची, २०१३ ची डिझेल सेदान, सेकंडहँड घेतलेली. कंपनीचं नाव मुद्दाम देत नाही, नाहीतर धागा 'मायलेज किती देते'वर जाईल. कोल्हापूरहून रत्नागिरीला येताना आंबा घाट उतरलो आणि साखरप्याच्या अलीकडे मीटरवर पिवळा दिवा लागला. मधे गोल आणि दोन्ही बाजूंना तुटक कंस. तेव्हापासून सतत चालू आहे.

रत्नागिरीतल्या एका गॅरेजवाल्याने चाक न काढताच अलॉयच्या फटीतून टॉर्च मारली. म्हणाला, "साहेब, पॅड निम्मे आहेत. सेन्सर गेलाय. वायर कापून जोडून देतो, दिवा बंद." मी नको म्हटलं. ब्रेक व्यवस्थित लागतात, पेडल घट्ट आहे, आवाज नाही, ब्रेक ऑइल मिन-मॅक्सच्या मधे आहे. फक्त पुढचं डावं चाक उजव्यापेक्षा जास्त तापलेलं वाटलं.

सेन्सर बदलू की पॅड? आणि तोवर परत घाट चढू का?

जुना_टायर: तुमच्याकडे दिवा तरी आहे. आमच्या हॅचबॅकला पॅडवर लोखंडी पट्टी आहे, पॅड संपत आले की ती डिस्कला, म्हणजे पॅड जिला दाबून गाडी थांबवतात त्या चाकाबरोबर फिरणाऱ्या चकतीला, घासून किंचाळते. सोसायटीचा वॉचमन ओळखतो गाडी आली म्हणून. बाकी, लाल रंगाचा उद्गारचिन्हवाला दिवा वेगळा बरं का. तो हँडब्रेक वर राहिला किंवा ऑइल कमी झालं की लागतो.

चौथा_गिअर: दिवा सतत आहे, ब्रेक मारल्यावर लुकलुकत नाही, हे महत्त्वाचं. बहुतेक अशा गाड्यांत पॅडच्या आत ठरावीक खोलीवर बारीक वायरचा फेरा असतो. पॅड तिथवर झिजला की डिस्क ती वायर कापते, सर्किट तुटतं, दिवा लागतो. कनेक्टर सैल झाला किंवा वायर कुठे घासून तुटली तरी सर्किट तुटतंच, म्हणून 'सेन्सर गेलाय' हे अगदीच खोटं नाही. पण त्याने बाहेरचा पॅड बघितलाय. एका डिस्कला दोन पॅड असतात, आतला फटीतून दिसत नाही, आणि सेन्सर बऱ्याचदा आतल्यालाच असतो.

त्यात तुमचं डावं चाक तापतंय. कॅलिपर, म्हणजे पॅड धरून डिस्कवर दाबणारा भाग, ज्या दोन पिनांवर सरकतो त्या जाम झाल्या की ब्रेक सोडला तरी पॅड डिस्कला टेकून राहतो. पॅड ढकलणाऱ्या पिस्टनच्या बाजूचा आतला पॅड आधी संपतो, बाहेरचा तसाच मजेत. कोकणातला पाऊस पिनांवरच्या रबरी टोप्या फाटलेल्या असतील तर महिनोन्‌महिने आत मुरतो. चाक काढून दोन्ही पॅड मोजा. नवा पॅड साधारण १० ते १२ मिमी असतो, मागचा लोखंडी पत्रा सोडून. ३ मिमी उरला की बदला, २ च्या खाली चालवू नका. मोजल्याशिवाय घाट नको.

रस्ता_रिकामा: वायर जोडली तर काय बिघडतं? दोन वर्षं तशीच चालवतोय. दर सर्व्हिसला पॅड बघून घेतो.

चौथा_गिअर: बघून घेताय म्हणून निभावतंय. धागाकर्ते पुढे गाडी विकतील, घेणाऱ्याला कोण सांगणार की दिवा कायमचा झोपवलाय? सेन्सर काही फार महाग नसतो. तसाही बऱ्याच गाड्यांत तो पुढे एकाच चाकाला असतो, म्हणजे बाकीची चाकं त्याच्या नजरेआडच.

धागाकर्ता: मंडळी, आज दुसऱ्या गॅरेजात चाक काढलं. डावीकडे बाहेरचा पॅड ६ मिमी. आतला खालच्या टोकाला जेमतेम २, वरच्या टोकाला ४, पाचर मारल्यासारखा तिरका. सेन्सरचं प्लॅस्टिकचं टोक घासून त्यातून तांब्याची तार चमकत होती. खालची पिन हातोडी मारून काढावी लागली, वर गंजाचा थर. डिस्कवर हलकी रेघ आहे, पण नखाला अडकत नाही. आता फिटर म्हणतो फक्त डावीकडचे पॅड टाकू, उजवीकडचे ५ मिमी आहेत.

चौथा_गिअर: नाही. पुढचे चारही एकदम, नाहीतर ब्रेक मारताना गाडी एका बाजूला ओढेल. सेन्सर नवाच लागेल, कापलेला परत चालत नाही. पॅड घेताना सेन्सरची जागा असलेलेच मागा. लोकल पॅडला कधीकधी ती नसते, मग फिटर कनेक्टर तसाच बांधून ठेवतो आणि दिवा तिथेच. पिस्टन मागे दाबताना ब्रेक ऑइल टाकीत वर चढतं, म्हणून आधी टॉप-अप करू देऊ नका. रंगावर सांडलं तर रंग जातो. ऑइल कधी बदललंय माहीत नसेल तर बदलूनच टाका, ते हवेतलं पाणी शोषतं आणि घाटात तापलं की उकळून पेडल मऊ पडतं.

धागाकर्ता: पिनला तो चेसिसचंच ग्रीस लावतोय. चालेल?

चौथा_गिअर: थांबवा त्याला! साध्या ग्रीसने रबरी टोप्या फुगतात आणि पिन पुन्हा जाम होते. ब्रेकसाठीचं सिलिकॉन ग्रीस मिळतं, छोटं पाकीट पुरतं. खालच्या पिनेला खड्डे पडले असतील तर पिन आणि टोपी दोन्ही नव्या टाका. आणि पहिले दोन-तीनशे किमी करकचून ब्रेक मारू नका, पॅड डिस्कवर बसू देत. परतीचा आंबा घाट त्यानंतर.