खुनाची जागा आणि झडतीचे वॉरंट

अमेरिकेत खून झालेल्या घराची झडती घेण्यासाठी पोलिसांना वॉरंट लागत नाही, असे म्हटले जाते. ते पूर्णतः बरोबर नाही. ‘मिन्सी विरुद्ध ॲरिझोना’ या खटल्यात नेमका हाच प्रश्न होता. 1974 मध्ये ॲरिझोना राज्यातील टूसॉन येथे अमली पदार्थांच्या छाप्यात एक पोलीस अधिकारी मारला गेला आणि त्यानंतर तपास पथकाने वॉरंटशिवाय चार दिवस ते घर धुंडाळले, गालिचे उखडले, दोन-तीनशे वस्तू जप्त केल्या. 1978 मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ही झडती तेथील राज्यघटनेच्या चौथ्या दुरुस्तीचा (अवाजवी झडतीपासून संरक्षण देणारी तरतूद) भंग करणारी ठरवली. जखमींना मदत करण्यासाठी किंवा मारेकरी आत दडला आहे का हे पाहण्यासाठी पोलिसांना तत्काळ आत जाता येते, परंतु ती निकड संपली की पुढच्या शोधाला न्यायाधीशाची परवानगी हवी. जागेवर पहारा ठेवून वॉरंट मिळवणे इथे सहज शक्य होते, हे विशेष.

बेकायदा झडतीत मिळालेल्या पुराव्याबाबत आपल्याकडे चित्र वेगळे आहे. ‘पूरणमल’ प्रकरणात (1973) आपल्या सर्वोच्च न्यायालयाने झडती बेकायदा असली तरी केवळ त्या कारणाने संबद्ध पुरावा बाद होत नाही, अशी भूमिका घेतली. त्यामुळे 1 जुलै 2024 पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (फौजदारी कार्यपद्धतीचा नवा कायदा) कलम 105 ने झडतीचे दृक्‌श्राव्य चित्रीकरण आवश्यक केले असले, तरी ते न केल्यास पुराव्याचे काय, हा माझ्या मते खरा वादाचा मुद्दा आहे.